आपट्याला पालवी फुटेपर्यंत

अरण्यात गेलं की माणसाला स्वतःची खरी ओळख पटते, असं आजवरच्या समस्त प्रवासवर्णनकारांनी एकमुखानं सांगून ठेवलं आहे. सुधन्वाला अरण्यात गेल्यावर पहिली ओळख पटली ती मुंगळ्यांची. तीही आपट्याच्या झाडावर, दोन्ही हात फांदीत गुंतलेले असताना… म्हणजे ओळख वाढवण्यावाचून गत्यंतर नाही अशा अवस्थेत.

हे अरण्य गुरुग्रामच्या मागे होतं. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींना फक्त पुढची बाजू असते, अशी तिथल्या रहिवाशांची समजूत आहे. पण त्यांच्या पाठीशी अरवलीचे डोंगर बसलेले आहेत, हिमालयाचा पत्ता नव्हता तेव्हापासून. त्या डोंगरांतली एक दरी खोरी नावाच्या गुर्जरांच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवली होती. आपण जिला देवराई म्हणतो, तिला तिकडे बणी म्हणतात. बणीचा नियम सोपा होता. आतलं काही तोडायचं नाही आणि आतलं काही बाहेर न्यायचं नाही. गळलेलं पानसुद्धा नाही.

सुधन्वाला हा नियम ठाऊक नव्हता. त्याला फक्त वैजयंतीकाकू ठाऊक होत्या.

काकू गुरुग्राममधल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. दिल्लीकडचा मराठी माणूस दसऱ्याला आपट्याची म्हणून कांचनाची पानं वाटतो. पानं दिसतात सारखीच, आणि घेणाराही दूर देशी आलेला असल्यामुळे समजून घेतो. पण गेल्या दसऱ्याला पुण्याहून नव्यानंच बदलून आलेल्या एका गृहस्थांनी पान उजेडाकडे धरून ‘हा आपटा नव्हे’ असं सर्वांसमक्ष जाहीर केलं, आणि काकूंचं वर्ष नासलं. यंदा त्यांनी सुधन्वाला बोलावून घेतलं. तो मूळचा बार्शीचा, एका कंपनीत बाराव्या मजल्यावर बसून असं काहीतरी करत असे, की जे त्याच्या आईला अजून समजलं नव्हतं आणि सोमवारी सकाळी त्यालाही समजत नसे. “तू कॉलेजात डोंगर चढायचास ना? मग अस्सल आपटा आण,” काकू म्हणाल्या. माणसानं तरुणपणी केलेल्या बढाया अशा व्याजासह परत येतात.

तर सुधन्वा झाडावर होता. खाली कापडी पिशवी होती, तिच्यात दोन डहाळ्या पडल्या होत्या, तिसरी मोठी फांदी नुकतीच कडाडून मोडली होती, आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

“नीचे उतरिए.”

“बस दो मिनट, मॅडम,” सुधन्वा वरून म्हणाला. त्याच वेळी त्याच्या कानातल्या यंत्रात काकू अवतरल्या. “हो काकू, सापडलं! झाडभर सोनं आहे अहो. नाही, कुणी नाही… एक बाई खाली उभी आहे. वनखात्याची असावी. चेहऱ्यावरून तापट वाटते. तुम्ही काळजी करू नका, मी पटवतो तिला.”

मग खालूनच, स्वच्छ मराठीत—

“तापट आहे. वनखात्याची नाही. आणि पटवायचं नंतर बघू, आधी उतरा.”

परमुलखात अचानक मातृभाषा कानी पडली की माणसाला भरून येतं, म्हणतात. सुधन्वाचा हात सुटला. उरलेलं अंतर तो उतरला नाही, आला.

समोर एक मुलगी उभी होती. उन्हानं विटलेली टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि रागानं आणखीच काळेभोर झालेले डोळे. तिच्यामागे दिल्लीहून आलेली दहा-बारा हौशी मंडळी होती. पहाटेपासून त्यांना एक मोर सोडून काहीच दिसलं नव्हतं, त्यामुळे ती सुधन्वाचे फोटो काढत होती.

“मी उन्नती,” ती म्हणाली. “दर रविवारी लोकांना इथलं जंगल दाखवायला आणते. त्यांना पहिली गोष्ट ही सांगते की इथे शेकडो वर्षांत कुणी फांदी तोडलेली नाही.” तिनं त्याच्या हातातल्या फांदीकडे पाहिलं. “आत्ताच सांगून झालं होतं.”

सुधन्वानं फांदी पाठीमागे लपवली. फांदी त्याच्याहून रुंद होती.

तोवर दगडी भिंतीच्या फटीतून बकऱ्या आणि बकऱ्यांमागून रामरती ताई आल्या. सत्तरीच्या बाईला ताई म्हणायचं सुधन्वाला पुढेही बरेच दिवस जड गेलं. तिकडे ताई म्हणजे मोठी काकू. बणीवर राखण ठेवायचं काम ताईंच्या घराकडे होतं. त्यांनी झाड पाहिलं, फांदी पाहिली, मग सुधन्वाला पाहिलं; एकेकाला सारखाच वेळ दिला.

“सॉरी, माताजी,” सुधन्वा म्हणाला. मग उन्नतीकडे वळून हळूच, “त्यांना सांगा ना, मला खरंच माहीत नव्हतं.”

हीच चूक झाली. तो मराठीत बोलला.

“यो तेरी बोली बोलै सै,” ताई उन्नतीला म्हणाल्या. “तेरा आदमी सै.”

“ताई! मैं इसको जानती भी नहीं!”

“इब जाण ले.”

निवाडा तिथल्या तिथे झाला. फार पूर्वी पाणीबाबा नावाचा कुणी फकीर या दरीत राहायचा, खांद्यावरून पाणी वाहून झाडं जगवायचा. त्यामुळे बणीत ज्यानं फांदी मोडली त्यानं बणीच्या तोंडाशी असलेली दगडी डोणी पाण्यानं भरायची. आठवड्यातून एकदा, गावातल्या हातपंपावरून, स्वतःच्या पायांनी… मोडलेल्या फांदीला नवं पान फुटेपर्यंत. इथवर सुधन्वानं मान डोलावली. पण ताईंचं बोलणं संपलं नव्हतं. आणि तोपर्यंत, त्या उन्नतीला म्हणाल्या, तुझीही माणसं आत येणार नाहीत. तू जामीन.

उन्नतीचा चेहरा उतरला. नोव्हेंबर ते होळी हाच तिचा हंगाम. सहा वर्षं रविवारमागून रविवार येऊन, ताईंच्या चुलीपुढे बसून, त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकून तिनं ही भिंतीतली फट कमावली होती. आणि यंदा दिल्लीतल्या एका शाळेनं सहावीचा वर्ग पाठवायचं कबूल केलं होतं. कुंपणाबाहेरचं झाड ज्यांनी पाहिलंच नाही अशी मुलं. त्यांना इथे आणायचं म्हणून ती दोन वर्षं मुख्याध्यापिकेच्या मागे लागली होती.

“फांदी कधी फुटेल?” सुधन्वानं विचारलं.

“झाडाला विचारा,” उन्नती म्हणाली. “तुमची ओळख झालीच आहे.”

दसऱ्याला मंडळात पुन्हा कांचनच वाटला गेला. वैजयंतीकाकूंनी ‘खरं सोनं भावनेत असतं’ असं छोटंसं भाषण केलं आणि पुण्याच्या गृहस्थांकडे पाहायचं टाळलं. सुधन्वानं उन्नतीला निरोप धाडला— ‘दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि पुन्हा एकदा सॉरी.’ बऱ्याच वेळानं उत्तर आलं— ‘जय भीम. पप्पा आज नागपूरला दीक्षाभूमीवर आहेत, मी बिझी आहे. रविवारी डोणी काठोकाठ भरायची. अर्धी नाही.’

सुधन्वानं ते उत्तर पुष्कळदा वाचलं. त्यात प्रेमाचा अंशही नव्हता. पण ‘रविवारी’ हा शब्द होता.

पहिल्या रविवारी तो पाणी टॅक्सीतून घेऊन आला. ऑफिसात असतात तसले, उलटे लावायचे दोन मोठे जार. आपण समस्या सोडवली आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ताईंनी टॅक्सीला प्रदक्षिणा घातली.

“बाबा के पास गाड़ी थी?”

“नाही… नहीं थी.”

“तो फिर?”

जार परत गेले. हंडा आला. हातपंपापासून डोणीपर्यंतची वाट चढाची होती, आणि हंड्याला एक खोड असते, की तो माणसाच्या चालीचा हिशोब पाठीवर मांडतो. चौथ्या खेपेला सुधन्वा इतका भिजला होता की डोणीपेक्षा त्याच्यातच पाणी जास्त असावं. उन्नती भिंतीवर बसून पक्षी बघत होती. निदान दुर्बीण तरी डोळ्यांना होती.

“मदत करू का, असं विचारायची पद्धत आहे आमच्या बार्शीला.”

“आमच्या दिल्लीत फांदी न तोडायची आहे.”

“तुम्ही दिल्लीच्या? मराठी तर इतकं चांगलं…”

“पप्पा वर्ध्याचे. सरकारी नोकरी, मिनिस्ट्रीत. मी इथेच वाढले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि चिडले की दोन्ही.” तिनं दुर्बीण खाली घेतली. “एक सांगा, मघाशी तुम्ही झाडाला काय म्हणालात? फांदीचं छोटं व्हर्जन?”

“डहाळी.”

“डहाळी,” तिनं शब्द तोंडात घोळवून पाहिला, बोरासारखा. “हा माझ्याकडे नव्हता.”

त्या दिवसापासून व्यवहार सुरू झाला. ती त्याला एक झाड द्यायची, तो तिला एक शब्द. धौ, खैर, हिंगण, रोंझ… बदल्यात झुळूक, तिरीप, आडोसा, कवडसा. सुधन्वाच्या लक्षात आलं की कवडसा हा शब्द त्यानं कॉलेज सोडल्यापासून वापरलेला नाही. बाराव्या मजल्यावर कवडसे पडत नाहीत. तिथे पडदे खाली-वर करायला बटण आहे.

जंगलाबद्दल एक गैरसमज असा आहे की तिथे शांतता असते. दिल्लीची माणसं बणीत आली की कुजबुजत बोलायची आणि ‘काय ही शांतता!’ असं एकमेकांच्या कानात सांगायची. ताई मात्र या टोकावरून त्या टोकाला, कुणाची म्हैस व्याली आणि कुणाची सून माहेरी गेली, हे उभ्या दरीला ऐकवायच्या. ज्यांनी जंगल राखलं ती माणसं जंगलाबद्दल फारसं बोलत नाहीत. ती सुनांबद्दल बोलतात. आणि डोंगराच्या एका खडकाजवळून जाताना ताई न चुकता ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायच्या.

“खडकाला घुंघट?” सुधन्वानं उन्नतीला विचारलं.

“खडकाला नाही. वर बिबट्या बसतो. ताई म्हणतात तो त्यांच्या जेठासारखा, म्हणजे मोठ्या दिरासारखा आहे. दिसत नाही, बोलत नाही, पण घरात आहे हे सगळ्यांना माहीत. मग मान राखायला नको?”

सुधन्वानं खडकाकडे पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

उन्नती हसली. पहिल्यांदाच. दिल्लीवर धुरकटाची गोधडी पांघरलेली ती नोव्हेंबरची सकाळ होती, दूर गुरुग्रामचे मनोरे खोडून टाकल्यासारखे दिसत होते, आणि सुधन्वाला वाटलं, बरंच झालं… पुष्कळ गोष्टी उगाच दिसत होत्या आजवर.

परत निघताना भिंतीपाशी ती थांबली. “बूट झटका.”

“काय?”

“तळव्याला पानं चिकटतात. आतलं बाहेर न्यायचं नाही.”

त्यानं एका पायावर उभं राहून बूट झटकला. तोल गेला. त्यानं तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि चटका बसल्यासारखा सोडला.

“धरा,” ती दुसरीकडे बघत म्हणाली. “अजून दुसरा बूट आहे.”

डिसेंबरात त्यानं एक प्रवासलेख लिहिला आणि मोठ्या आशेनं तिला वाचायला दिला. भिंतीवर बसून, शेंगदाणे खात तिनं तो वाचला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“‘अस्पर्शित निसर्ग.’ म्हणजे?”

“कुणी हात न लावलेला.”

“हा शब्द मला तसाही आवडत नाही,” उन्नती शांतपणे म्हणाली. मग, “आणि खोटा आहे. इथे हात लावणारे हजार होते. चूल होती, थंडी होती, लाकूड समोर होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हात आवरला. ते वेगळं. तू… तुम्ही ते लिहा ना.”

सुधन्वानं लेख घडी करून खिशात ठेवला. पुन्हा कधी काढला नाही. त्यातला बाकी मजकूर तो विसरूनही गेला. फक्त तो निसटलेला ‘तू’ तेवढा लक्षात राहिला.

जानेवारीत मावठ्याचा पाऊस आला. दोघं डोणीपाशी असतानाच आला, थंडगार, तिरका. ते एका कपारीत शिरले. कपार एका माणसाच्या मापाची होती. समोर धौच्या उघड्या फांद्यांवरून थेंब ओघळत होते, मातीचा आणि बकऱ्यांचा मिळून एक वास येत होता, आणि उन्नतीच्या टोपीच्या कडेवरून पाणी नेमकं सुधन्वाच्या कॉलरमध्ये उतरत होतं. तो हलला नाही. हललं असतं तर कपारीबाहेर जावं लागलं असतं.

“थंडी वाजतेय?” तिनं विचारलं.

“बिल्कुल नाही.”

“दात वाजतायत तुझे.”

“तू म्हणालीस.”

“काय?”

“तुझे. तुमचे नाही.”

ती पावसाकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, थंडीनं असाव्यात. “पाऊस थांबला की परत तुम्ही म्हणेन.”

पाऊस थांबला. तिनं म्हटलं नाही.

“ऐक,” बूट झटकता झटकता सुधन्वा म्हणाला, “तुझ्या घरी काय सांगतेस? दर रविवारी, माणसं नसताना जंगलात का जातेस?”

“सांगितलं, एक कैदी आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं. पप्पांचा तसाही विश्वास नाही. म्हणतात, तुमच्या दिल्लीत कसलं जंगल? आमच्याकडे वाघ अंगणातून जातो. इथे बाभळी नि कुत्री.” ती हसली, आणि मग सावकाश हसू आवरलं. “तू काय सांगतोस? बार्शीला?”

सुधन्वानं दुसरा बूट जरा जास्तच वेळ झटकला.

माघ सरला, फाल्गुन आला. पलीकडच्या उतारावर पळस पेटले. उन्नतीला त्या दिवसांत एक नवी सवय लागली होती. आली की ती आपली झोळी आपट्याच्या त्या मोडक्या फांदीच्या खुंटावर अडकवायची. दुसरी चांगली झाडं होती, खुंट्यासारखे दगड होते. पण झोळी तिथेच. सुधन्वाला यात काही विशेष वाटलं नाही. प्रेमात पडलेला माणूस सगळं बघतो आणि काहीच बघत नाही.

एका रविवारी तिचा फोन वाजला. तो घ्यायला तिनं झोळी काढली, तिच्यात हात घालत भिंतीकडे गेली, आणि सुधन्वाची नजर खुंटावर पडली.

तिथे पालवी होती.

तांबूस, बोटाच्या पेराएवढी, मधोमध दुमडलेली… जोडलेल्या हातांसारखी. इतकी सुंदर गोष्ट पाहून इतकं वाईट कुणाला वाटलं नसेल. शिक्षा संपली होती. पुढच्या रविवारी तो आपल्या फ्लॅटमध्ये, खिडकीत बसणार होता.

त्यानं मागे पाहिलं. उन्नतीची पाठ होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पालवीवर टांगली.

“नाही मॅडम,” उन्नती फोनवर म्हणत होती, “अजून फांदी फुटली नाही. हो, मला माहीत आहे, होळीनंतर ऊन वाढेल. मुलांना सांगा ना… अच्छा. अच्छा. मी बघते काहीतरी.”

ती परतली. टोपीकडे तिचं लक्ष गेलं. तिनं झोळी शेजारच्या झाडाला अडकवली.

तो आठवडा सुधन्वाला वाईट गेला. मीटिंगमध्ये त्याला कुणी काही विचारलं की तो म्हणायचा, “अजून फांदी फुटली नाही.” मॅनेजरला वाटलं ही काहीतरी नवी परिभाषा आहे, त्यानं ती पुढच्या मीटिंगमध्ये वापरलीही. रात्री मात्र त्याला ती सहावीतली मुलं दिसायची. त्यांच्यात आणि बणीत आता एकच वस्तू उभी होती. निळ्या रंगाची टोपी.

शनिवारी त्यानं बार्शीला फोन लावला. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “तुझ्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी ठरवल्यासारखं वाटतंय. बाकीचं मी बघते… लगेच नाही जमायचं, पण बघते.”

रविवारी त्यानं हंड्यावर हंडे आणून डोणी काठोकाठ भरली. शेवटचा थेंब ओतला. मग भिंतीच्या फटीत उन्नतीसमोर उभा राहिला.

“मला काहीतरी सांगायचंय.”

“सांग.”

“उन्नती, हे रान जेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं नव्हतं की या आदिम डोंगरांच्या साक्षीनं माणूस…”

“मेट्रोत पाठ केलंस?”

“सिकंदरपूर स्टेशनपर्यंत. पुढचं झालं नाही.”

“मग पुढचंच बोल.”

“फांदी फुटलीये. मी गेल्या रविवारी पाहिली. पाहिली आणि… टोपी टांगली. तुझ्या शाळेचं माझ्यामुळे अडलंय, मला माहीत होतं, तरी टांगली. कारण फांदी फुटली की माझे रविवार संपले. आणि रविवार संपले की—” हात नुसताच हवेत फिरला. “मला पाणी भरायचंय, उन्नती. बस. एवढंच. तू असशील तिथे.”

वाऱ्याची एक झुळूक आली. धौची वाळकी पानं डोणीत पडली, आणि उन्नतीनं वाकून ती एकेक करून काढली. तिला हातांना काहीतरी काम हवं असावं.

“गेल्या रविवारी दिसली तुला?” ती पाण्याकडेच बघत म्हणाली.

“हो.”

“एवढा मोठा ट्रेकर, आणि गेल्या रविवारी?” तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते; दोघांचं आपसांत ठरलेलं नव्हतं. “मठ्ठा, ती त्याच्याही किती आधीपासून आहे! झोळी काय मी हौसेनं टांगत होते तिथे?”

सुधन्वानं झोळीकडे पाहिलं. मग खुंटाकडे. मग पुन्हा झोळीकडे.

“म्हणजे तू… मुख्याध्यापिकेला…”

“खोटं बोलले. सहा वर्षांत इथून एक काडी नेली नाही मी. आणि तुझ्यापायी पूर्ण शाळेशी खोटं बोलले, यार. रोज रात्री ठरवायचे की रविवारी ताईंना सांगायचं. आणि रविवारी तू हंडा घेऊन धापा टाकत यायचास…” तिनं डोळे पुसले. “इतका वाईट दिसायचास की सांगवायचंच नाही.”

तो हसला. मग जे विचारायचं होतं ते ती विचारून गेली, हळूच. “आणि बार्शीला?”

“काल सांगितलं. तुझं नाव, वर्धा, जय भीम, सगळं. आई म्हणाली लगेच नाही जमायचं, पण बघते.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मी तुझ्या पप्पांच्या अंगणात पाणी भरीन. वाघ असला तरी.”

उन्नतीनं जमिनीवरचं आपट्याचं एक वाळकं पान उचललं. त्याच्या तळव्यावर ठेवलं. “आमच्याकडे दसऱ्याला हे नसतं,” ती म्हणाली, “पण तुझ्याकडे असतं ना? घे सोनं. फक्त भिंतीच्या आतच.” त्यानं तळवा मिटला, तिचा हात त्यातच राहिला. मग दोघांनी मिळून ते पान होतं तिथे परत ठेवलं. जगात इतकं काळजीपूर्वक परत केलेलं सोनं दुसरं नसेल.

“फूट गी?” भिंतीपलीकडून आवाज आला.

दोघं दचकली. रामरती ताई काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या. किती वेळ, हे विचारायची सोय नव्हती.

उन्नती पुढे झाली. “ताई, डाली फूट गई है. पहले ही फूटी थी. मैंने छुपाया. इसने भी छुपाया. आप जो सज़ा देंगी—”

“मन्नै बेरा सै,” ताई म्हणाल्या. मला ठाऊक आहे. “मन्नै तो माह के महीने में देख ली थी. थारे तै पहले.”

माघात. दोघांच्याही आधी. सुधन्वानं मनात बेरीज केली. त्यानंतर त्यानं किती हंडे वाहिले ती.

“तो… बताया क्यूँ नहीं?”

ताईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की इतकं शिकून याला एवढंही कळू नये!

“पाणी आवै था,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शाळेच्या पोरांना पुढच्याच रविवारी घेऊन ये, असं उन्नतीला सांगितलं. ओढणी सारखी केली, काठी पुढे केली, आणि चेहरा गंभीर झाला. खोरीच्या बणीत, पाणीबाबाच्या साक्षीनं, आता आशीर्वाद मिळणार, अशा भावनेनं सुधन्वानं आणि उन्नतीनं एकदमच मान झुकवली.

“इब एक काम करो,” ताई म्हणाल्या. “जरा परे हो जाओ. बकरियाँ प्यासी खड़ी सैं.”